जास्वंदीच्या फुलात अंडाशय सापडत नाही? आधी फूल कसं तोडलंत ते पाहा

“बाई, आमच्या फुलाला अंडाशयच नाहीये.”

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की हा निरोप माझ्या फोनवर येतो. दरवर्षी येतो. सोबत फोटो असतो. वर्तमानपत्रावर चिरलेलं लाल फूल, शेजारी ब्लेड आणि चिकट रसाने माखलेली लहान बोटं. मुलाला दुसऱ्या दिवशी वहीत आकृती काढून, भागांना नावं देऊन न्यायची असते. निदलपुंज (हिरवी वाटी), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर, म्हणजे पुरुषभाग) इथवर गाडी नीट येते आणि जायांगापाशी, म्हणजे स्त्रीकेसरापाशी अडते. अंडाशय, ज्याचं पुढे फळ होतं, तो त्याच्याच बुडाशी असतो. मग रात्री दहा वाजता पुस्तकातली आकृती बघून अंडाशय काढला जातो. मला वाईट वाटतं ते याचं. जास्वंदीइतकं मोठं, उघडं, मोजायला सोपं फूल हातात असताना मुलाने ते पुस्तकातून उतरवून काढावं, हे बरं नाही.

एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवते.

अंडाशय जातो कुठे?

तो झाडावरच राहतो. ब्लेड हातात घेण्याच्या आधीच, फूल तोडताना, तो मागे राहिलेला असतो.

जास्वंदीच्या पाच पाकळ्या वरून सुट्या दिसतात, पण तळाशी त्या मधल्या लांब दांड्याच्या बुडाला चिकटलेल्या असतात. पाकळ्या मुठीत धरून ओढल्या, की पाकळ्या आणि दांडा असा सगळा लाल भाग एकाच झटक्यात निघून येतो. हिरवी वाटी, म्हणजे निदलपुंज, देठावरच राहते आणि तिच्या तळाशी बसलेला अंडाशयही तिथेच राहतो. खरी फसगत पुढे होते. अंडाशयाच्या डोक्यावरून एक बारीक धागा निघून दांड्याच्या आतून वर जातो. तो कुक्षीवृंत. फूल ओढलं की तो बहुधा बुडाशी तुटतो आणि दांड्यासोबत येतो. त्यामुळे टोकाच्या पाच लाल, मखमली गाठी, म्हणजे कुक्षी, हातातल्या फुलात व्यवस्थित दिसतात. मुलाला वाटतं, स्त्रीकेसराचं टोक इथे आहे म्हणजे बूडही इथेच असणार. मग ते चिरत राहतं, शोधत राहतं.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी माझंही असंच झालं. वर्गासाठी मी सकाळी घाईघाईने पिशवीभर फुलं तोडून नेली. अर्ध्याअधिक मुलांना अंडाशय मिळाला नाही. मी ब्लेडला दोष दिला, मुलांच्या हातांना दोष दिला. संध्याकाळी घरी आल्यावर खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीकडे लक्ष गेलं. सकाळी जिथून फूल काढलं होतं, तिथे देठावर हिरवी वाटी तशीच उभी होती. आत डोकावले, तर तळाशी तुरीच्या दाण्याएवढा, टोकाकडे निमुळता होत गेलेला फिकट घुमट, आणि त्याच्या शेंड्यावर तुटक्या धाग्याचं खुंट. दिवसभर चाळीस मुलं जे शोधत होती, ते माझ्याच झाडावर बसलं होतं.

तुमच्या हातातलं फूल उलटं करून पाहा. बुडाला हिरवी वाटी नसेल आणि मधोमध भोक असलेलं पांढरट कडं दिसत असेल, तर आणखी चिरू नका. त्यात अंडाशय नाही. झाडापाशी परत जा. वाटी अजून देठावर असेल तर ती खुडून आणा, काम होईल.

खुडणं आणि ओरबाडणं

कोकणात आजी सकाळी परडी हातात द्यायची तेव्हा बजावायची, “फूल खुडायचं, ओरबाडायचं नाही.” ती झाडाच्या जिवासाठी सांगत होती. आकृतीसाठीही तेच खरं आहे. हिरव्या वाटीच्या खाली बोटभर अंतरावर देठ अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि नखाने खुडायचा. पाकळ्यांना हात लावायचाच नाही. देठ लांब मिळाला तर उत्तम, पुढे चिरताना धरायला बरा पडतो.

देठाकडे नीट पाहिलंत तर फुलाच्या थोडं खाली एक बारीकसा सांधा दिसेल. फूल सुकलं की सहसा तिथूनच गळतं, वाटीसकट. हे आपल्या सोयीचं आहे. मुंबईत कुणाच्या दारात स्वतःचं झाड नसतं. सोसायटीच्या आवारातली जास्वंद बहुतेक वेळा कुणीतरी देवासाठी राखलेली असते आणि वॉचमन काका पहाटेपासून तिच्यावर नजर ठेवून असतात. अशा वेळी फूल तोडायची गरजच नाही. झाडाखाली पडलेलं कालचं फूल उचला. पाकळ्या पिळवटून मिटलेल्या असतील, रंग जांभळट झाला असेल, पण हिरवी वाटी सोबत असेल तर आत अंडाशय जागेवर असतो. बाहेरचे भाग रंगवायला ताजं फूल आणि आतलं पाहायला पडलेलं फूल, असं दोन्ही मिळालं तर फारच छान.

बाजारातल्या पुडीतली फुलं घेणार असाल तर बूड पाहून घ्या. वाटी आणि देठाचा तुकडा असेल तरच घ्या. दुर्वा-तुळशीखाली दबलेल्या फुलाचा दांडा बहुधा मोडलेला असतो. त्यापेक्षा मिटलेली, उमलायच्या बेतातली कळी मागून घ्या. ती रात्रभर घरात ठेवली तरी सकाळी उमलते.

अंडाशय आहे, पण ओळखता येत नाही

फूल देठासकट आणलं, तरी दोन ठिकाणी मुलं हटकून चुकतात.

एक म्हणजे हिरव्या वाटीखालचं दातेरी कडं. वाटीला लागून बाहेरच्या बाजूला पाच ते आठ अरुंद, टोकदार हिरवी पानं असतात. पुष्कळ मुलं यांनाच निदलं समजतात आणि मग मोजदाद चुकते, कारण निदलं पाचच असली पाहिजेत. खरी निदलं त्यांच्या आत. पाच, एकमेकांना जोडून झालेली वाटी, वर पाच टोकं. बाहेरचं कडं हे वेगळं, जास्तीचं आवरण आहे. दोन्हींचं काम कळी लहान असताना तिला झाकून ठेवणं. एखादी कोवळी कळी घेतलीत की हे लगेच पटतं. वाटी घट्ट मिटलेली आणि बाहेरून कड्याचे दात तिला धरून बसलेले. लाल अंबाडीची बोंडं सरबतासाठी आणली असतील, तर त्यांच्याही बुडाशी हे कडं दिसेल. आपण तिथे खातो तो निदलपुंजच.

दुसरी चूक मोठी आहे, आणि मला वाटतं जास्वंदीचं सगळं सौंदर्य तिथेच आहे. मधला लांब दांडा. निम्मी मुलं त्यावर बाण काढून ‘स्त्रीकेसर’ लिहितात, उरलेली ‘पुंकेसर’ लिहितात. दोघंही अर्धी बरोबर. तो दांडा म्हणजे नळी आहे. नळी पुंकेसरांची आणि तिच्या आतून स्त्रीकेसराचा धागा गेलेला. असंख्य पुंकेसरांचे वृंत, म्हणजे देठ, खाली एकमेकांत जुळून ही नळी झाली आहे. वरच्या अर्ध्या भागात ते सुटे होऊन बाहेर डोकावतात आणि प्रत्येकाच्या टोकावर राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा इवला परागकोश असतो. नळीच्या तोंडातून आतला धागा बाहेर येतो, त्याच्या पाच फांद्या होतात आणि प्रत्येकीच्या टोकावर एक लाल कुक्षी. म्हणून सगळ्यात वरचे पाच लाल ठिपके स्त्रीचे, त्याखालचे पिवळे ठिपके पुरुषाचे, हे ध्यानात ठेवायचं.

लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली या झाडाला जे नाव दिलं, ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’, त्याचा अर्थ चीनचा गुलाब असा होतो. त्याने वनस्पतींचे वर्ग पाडले होते ते पुंकेसरांवरून, आणि जास्वंद ज्या वर्गात टाकली त्याचं नाव ‘मोनाडेल्फिया’, म्हणजे भावंडांचा एक गट. मी वर्गात त्याला ‘एक भावकी’ म्हणते. सगळे पुंकेसर एका भावकीतले, एका नळीत राहणारे. पुस्तकात ‘एकसंघ’ असा शब्द येतो तेव्हा मुलांना मग तो परका वाटत नाही.

ब्लेड आधी घेऊ नका

जास्वंदीच्या पेशींत बुळबुळीत द्रव असतो, भेंडीत असतो तसाच. ब्लेड त्यावरून घसरतं, धागा बाजूला सरतो आणि हाताला कापण्याची भीती वेगळीच. मी पहिल्यांदा फक्त टाचणी वापरायला सांगते.

देठ डाव्या हातात धरा. हिरवी वाटी टाचणीने वरून खाली एका बाजूला उसवा आणि केळं सोलतो तशी खाली सोला. आत पाकळ्यांची बुडं दिसतील. एकेक पाकळी बुडाशी धरून हळूच बाजूला फाडा. पाचही एकदम ओढल्या तर सुरुवातीचीच गत होईल. आता देठावर नुसता दांडा उभा आहे. टाचणीचं टोक नळीच्या बुडात शिरवा आणि वरपर्यंत उभी चीर द्या. नळी साडीच्या निरीसारखी उघडते आणि आत पांढरट धागा दिसतो. धागा बोटाने खाली खाली धरत जा. जिथे तो संपतो, तो अंडाशय. इथे प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी ही सगळी खटपट करते.

उभा छेद हवाच असेल तर नवं ब्लेड घ्या आणि सुरुवात देठापासून करा. देठाचे मधोमध दोन भाग करत वर या. कुक्षीकडून खाली आलात तर धागा कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नाही, आणि तळाशी पोचेपर्यंत अंडाशय अख्खाच एका बाजूला गेलेला असतो. हे काम मोठ्या माणसाने करावं.

अंडाशयाचा आडवा काप घेतला, तर पाच कप्पे आणि त्यांत मध्याला चिकटलेली खसखशीएवढी पांढरी बीजांडं असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं तर दिसतात. तरीही दिसली नाहीत, तर स्वयंपाकघरात जा आणि एक भेंडी आडवी चिरा. चेष्टा करत नाहीये. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातली, आणि भेंडी म्हणजे वाढलेला अंडाशयच. पंचकोनी चकती, पाच कप्पे, प्रत्येकात बिया. जास्वंदीच्या अंडाशयात जे भिंगाखाली पाहायचं, ते इथे ताटात पडलेलं असतं. मुलाने एकदा ही चकती पाहून आकृती काढली की ‘पाच कप्पे’ हे त्याला पाठ करावं लागत नाही.

फूलच चुकीचं आणलं असेल तर

डबल जास्वंद, जी गुलाबासारखी भरगच्च दिसते, ती आकृतीसाठी घेऊ नका. तिच्यात पुष्कळ पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे नळी धड दिसत नाही आणि पाकळ्या पाच भरत नाहीत. मुलाचं काही चुकलेलं नसतं, पण वही चुकते.

मिरची जास्वंद, जी कधी पुरती उमलतच नाही आणि लाल मिरचीसारखी लोंबते, ती जास्वंदीची चुलत बहीण. तिच्या कुक्षी मोजल्या तर दहा निघतात, म्हणून मुलं गोंधळतात. झुंबरासारखी खाली लटकणारी, झालरीच्या पाकळ्यांची जास्वंदही वेगळी जात आहे, मूळ पूर्व आफ्रिकेतली. तिचा दांडा लांब आणि रेखीव असतो, त्यामुळे नळी समजायला ती वाईट नाही. पण पाकळीचा साधा आकार काढायचा तर आपली एकेरी लाल जास्वंदच घ्यावी.

वेळ सकाळची, सात-आठची. तेव्हा परागकोश नुकते फुटलेले असतात आणि काळ्या कागदावर फूल झटकलं तर पिवळे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात, इतके मोठे असतात. दुपारनंतर कोश सुकतात. रात्रभर पाऊस झाला असेल तर पराग धुऊन गेलेला असतो, मग आडोशाच्या फांदीवरचं फूल शोधा. फूल पाण्यात ठेवायची धडपड करू नका. ते एकाच दिवसाचं असतं, पाण्यात ठेवलं काय, टेबलावर ठेवलं काय, संध्याकाळी मिटायला लागतंच.

फुलायच्या आधीच कळ्या गळत असतील, तर कळ्यांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसतंय का पाहा. तो पिठ्या ढेकूण, जास्वंदीचा जुना वैरी. लागलेला शेंडा कापून टाका, बाकी फांद्या पाण्याच्या जोरकस धारेने धुवा. कुंडीत पाणी साचत असेल किंवा माती पार सुकत असेल, तरी कळ्या टाकल्या जातात.

“बाई, मग जास्वंदीला फळ का लागत नाही?”

अंडाशय सापडला की मुलं पुढचा प्रश्न हाच विचारतात, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे.

आधी कुणासाठी हा थाट आहे ते पाहू. लाल रंग, वास नाही, लांब पुढे आलेला दांडा. हे पक्ष्यासाठी मांडलेलं फूल आहे. मध तळाशी, हिरव्या वाटीच्या आतल्या अंगाला सुटतो. लहानपणी आपण फूल उपटून बूड चोखायचो, तो गोडवा तोच. पक्षी समोरून आत घुसला तर दांड्यावरचा पराग त्याच्या अंगाला लागतो. पुढच्या फुलात शिरताना सगळ्यात पुढे आलेल्या कुक्षी आधी त्याला शिवतात. कुक्षी परागकोशांच्या पुढे का आहेत, ते यातून कळतं. स्वतःचा पराग स्वतःवर पडण्यापेक्षा दुसऱ्या फुलाचा आधी मिळावा, अशी ती रचना आहे.

पण आपल्या खिडकीत येणारा शिंजीर बऱ्याचदा समोरून येतच नाही. तो देठावर बसतो, बारीक वाकडी चोच बाहेरून वाटीच्या बुडात खुपसतो आणि मध पिऊन जातो. दांड्याला तो शिवतसुद्धा नाही. वाटीवर एखादं बारीक तपकिरी छिद्र दिसलं तर तो त्याचाच माग.

शिवाय ही झाडं पिढ्यान्पिढ्या फांद्या लावून वाढवलेली आहेत. बियांची गरजच पडलेली नाही. साधी लाल जास्वंद रानात आपसूक वाढलेली आढळत नाही, माणसानेच ती जगभर नेली. तिच्या पुष्कळ जातींत गुणसूत्रांचे संच दोनाहून जास्त असतात, त्यामुळे बी धरणं अवघड जातं. एका इमारतीतली सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्या असतील, तर एकीचा पराग दुसरीला मिळूनही तो एका अर्थी स्वतःचाच.

फळ धरलेलं पाहायचंच असेल, तर खाडीकाठच्या किंवा रस्त्यालगतच्या भेंडीच्या झाडाखाली जा. भाजीची नव्हे, पारोसा भेंड. पिवळं फूल, आत किरमिजी डोळा, संध्याकाळपर्यंत गुलाबी होत जाणारं. भेंडीबाजाराचं नाव या झाडांवरून पडलं, असंही सांगतात. फुलात तीच पुंकेसरांची नळी आणि फांदीवर शेजारीच गोल, चपटी फळं, म्हणजे फूल आणि त्याचं पुढे काय होतं, हे दोन्ही एकाच फांदीवर.

आणि घरीच करून पाहायचं असेल तर एक प्रयोग आहे. तुमच्या लाल जास्वंदीला वेगळ्या रंगाच्या, दुसऱ्या घरच्या एकेरी जास्वंदीचा पराग द्या. सकाळी त्या फुलाचा एक परागकोश चिमट्यात धरून आपल्या फुलाच्या पाचही कुक्षींवर टेकवा, पिवळे कण चिकटलेले दिसले पाहिजेत. देठाला, सांध्याच्या खाली, रंगीत दोरा सैल बांधा आणि तारीख लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत फूल सांध्यापाशी गळलं, तर धरलं नाही. दुसऱ्या फुलावर पुन्हा करा. पाकळ्या गळून हिरवी वाटी मात्र ताठ उभी राहिली, आणि बोटाने हळूच दाबल्यावर आत काहीतरी टणक लागलं, तर तो अंडाशय वाढतो आहे. तसं झालं तर मला फोटो पाठवा, वर्गात दाखवीन.